घराचं मस्तक कोण? ख्रिस्ती पुरुषाने आज कसं वागावं

नगरकर_पुण्यात

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पुरुष संघात हल्ली एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून इथे मांडतोय. पंचविशी-तिशीतली आमची मुलं मोबाइलवर परदेशी प्रचारकांचे संदेश ऐकतात. त्यातून त्यांनी उचललंय ते असं: देवाने पुरुषाला मस्तक केलं, म्हणून घरात शेवटचा शब्द त्याचा. बायको कमावते, आपलं मत मांडते, म्हणून संसार मोडतात. पुरुषाने पुन्हा पुरुषासारखं वागायला शिकलं पाहिजे. ही मुलं मनाने चांगली आहेत, त्यांना झिडकारून चालणार नाही. पण शास्त्राच्या नावावर ती जे बोलतात ते शास्त्रात तसं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी शास्त्रभाग पाहू. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात. वाचन पुष्कळदा बाविसाव्या वचनापासून, म्हणजे पत्नींनी अधीन असावं इथून सुरू होतं. त्याच्या आधीचं एकविसावं वचन एकमेकांच्या अधीन असा असं सांगतं, आणि ते सगळ्यांसाठी आहे. तेच राहून जातं. पुढे पत्नींसाठी तीन वचनं आहेत. पतींना जे सांगितलंय ते पंचविसाव्यापासून जवळजवळ अध्याय संपेपर्यंत चालतं. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करा, असं ते आहे. पतीने हुकूम चालवावा असं त्यात एकाही ओळीत नाही. पौलाच्या काळी रोमी कायद्याने कुटुंबप्रमुखाला घरातल्या माणसांवर अफाट सत्ता दिलेली होती. बायकोने ऐकावं हे त्या समाजात नव्याने सांगायची गरजच नव्हती. ऐकणाऱ्याला चमकायला लावणारं जे होतं ते पतीला उद्देशून होतं.

आणि ख्रिस्ताने सत्ता कशी वापरली? योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा. तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम घरातल्या सगळ्यात खालच्या माणसाचं. पेत्र नको म्हणतो, तरी तो धुतोच. मस्तक होण्याची ज्याला हौस आहे त्याने हा अध्याय सोडून पुढे जाऊ नये.

आता आपल्याच मातीतलं उदाहरण घेतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. मधला बराच काळ त्या वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याकडे नगरला आल्या तेव्हाही आपलं सोवळं घेऊन आल्या. टिळकांच्या घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळं पाळणारी बायको एकत्र नांदली. त्या काळी पतीचा धर्म तोच पत्नीचा हे सगळा समाज गृहीत धरून चालत होता, आणि तरी टिळकांनी तिच्यावर बाप्तिस्मा लादला नाही. तिचं मन तिच्या वेळेने बदललं. माझ्या दृष्टीने ख्रिस्ती पुरुषपणाची कसोटी हीच: आपल्या हातात सत्ता असताना समोरचं माणूस किती मोकळं राहतं.

तुमच्या घरात, तुमच्या मंडळीत काय चालतं ते लिहा. बायकांनी तर जरूर लिहा. आमच्या संघात हा विषय त्यांच्याशिवाय चालतो आणि मला ते पटत नाही.

---

वसईची_लेक

दादा, विषय काढलात, बरं केलंत.

मी कॅथलिक, वसईची. आमच्याकडे कमावणारा पुरुष आणि घर सांभाळणारी बाई हे चित्र कधीच पुरतं खरं नव्हतं. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका भाजी, फुलं, केळी घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात जायच्या. गिऱ्हाइकाशी घासाघीस त्या करायच्या, पैसे त्याच मोजायच्या. वाडीतलं खुरपणं आणि पाणी लावणं यातही त्या होत्याच. मग अमेरिकेतल्या कुठल्या तरी शहरातला प्रचारक बाईने घराबाहेर पडणं हे आधुनिक संकट आहे म्हणतो, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की आमच्या आजीला तो कुठे बसवणार?

आता जड गोष्ट. विवाहपूर्व शिबिरात प्रेम, क्षमा, त्याग यावर खूप बोलतात. पण नवरा दारू पिऊन हात उचलतो तेव्हा बाईला घरचे, शेजारचे, कधी देवळातलीच माणसं सांगतात, तुझा क्रूस उचल आणि चाल. मी हे माझ्या जवळच्या बाईच्या बाबतीत पाहिलंय. येशूचा क्रूस त्याने स्वतः स्वीकारला होता. नवऱ्याची मारहाण हा कुणाचाही क्रूस नव्हे. पुरुष संघाला खरंच पुरुषपणाबद्दल बोलायचं असेल तर पहिली बैठक या विषयावर घ्या. मारणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवणारा पुरुष मला अजून देवळाच्या आवारात भेटायचाय.

पाय धुण्याचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, आणि नियमाने ते बारा पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात मुलींचेही पाय धुतले. जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलला आणि बायकांनाही त्यात घेता येऊ लागलं. काहींना तो बदल आवडला नाही. मला मात्र वेदीजवळ एका म्हाताऱ्या भाजीवालीचे पाय धुतले जाणं हे पुरुषांसाठीच मोठं प्रवचन वाटतं.

---

पहाटतारा

सलाम.

तुम्ही ज्या मुलांबद्दल लिहिताय त्यातलाच मी एक, म्हणून माझी बाजू सांगतो.

मी वडिलांना घरात प्रार्थना करताना कधीच पाहिलं नाही. प्रार्थना आईची, पवित्र शास्त्र आईचं, आम्हाला शब्बाथ शाळेत नेणारीही आईच. बाबा नाताळला आणि ईस्टरला देवळात. आमच्या मंडळीत आजही आठवड्याच्या प्रार्थनासभेला बघा, वीस बायका आणि दोन पुरुष, त्यातले एक पाळकसाहेब. आम्हा मुलांना कुणी सांगितलंच नाही की पुरुषाला देवाच्या कामात जागा आहे. नोकरी लागली की मित्रांसोबत बसणं सुरू, बसलं की पिणं सुरू. मीही त्याच वाटेवर होतो.

ज्या संदेशांना तुम्ही नावं ठेवता त्यांनी मला बाहेर काढलं. सकाळी उठ, मुलांना जवळ घेऊन प्रार्थना कर, पगार घरी आण, बायकोशी खोटं बोलू नकोस, हे मला तिथे ऐकायला मिळालं. मंडळीत कुणी एवढ्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. पुरुषाला जबाबदारी हवी असते. "तू आणि ती सारखेच" एवढंच सांगून सोडलं तर तो घरातून अंग काढून घेतो, हे मी आजूबाजूला बघतोय. आणि १ तीमथ्य ३ मध्ये मंडळीच्या अध्यक्षाने आपलं घर नीट चालवावं असं स्पष्ट आहे. ते आपण खोडायचं का?

बायकोला मारणाऱ्याचं समर्थन माझ्याकडून कधीच होणार नाही. ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं.

---

शब्दवेल

पहाटतारा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते फार आवडलं. प्रार्थनासभेचं चित्र आमच्याकडे सोलापुरातही हुबेहूब हेच आहे. वाचतेय, पुढे लिहा.

---

साधा_पाळक

मी ग्रामीण भागातल्या मंडळीत सेवा करतो. पहाटतारा यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे.

१ तीमथ्य ३ खोडायचं नाही, पूर्ण वाचायचं. घर चालवण्याची गोष्ट चौथ्या वचनात येते. त्याच्या आधी तिसऱ्यात काय आहे? मद्यपी नसावा, मारहाण करणारा नसावा, सौम्य असावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा. या पायऱ्या चढल्यावर चौथं वचन येतं. पहाटतारा, तुम्ही दारू सोडली, मुलांना घेऊन प्रार्थनेला बसता, ही देवाची कृपा आहे. पण जे तुम्हाला बाहेर घेऊन आलं ती जबाबदारी होती, अधिकार नव्हता. दोन्ही एकाच संदेशात मिळाले म्हणून एकच वाटतात. वेगळे करून बघा. पगार घरी आणायला, खरं बोलायला, पहाटे उठायला बायकोवर सत्ता लागते का?

वसईच्या ताईंनी लिहिलं ते आमच्या पाळकीय कामातलं रोजचं दुखणं आहे. "सहन कर, तो बदलेल" हा सल्ला मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिला. कायदाही त्याच बाजूचा होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण तिला पुरत नसे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. म्हणजे एकशे तीस वर्षांहून जास्त काळ हा भेदभाव कायद्यात राहिला, आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आल्यावर तर ख्रिस्ती बाईला तिच्या हिंदू शेजारणीपेक्षाही कमी वाट उरली. हे आपल्या पुरुष संघांत किती जणांना ठाऊक आहे?

माझ्याकडे अशी बाई आली की मी आधी तिची सुरक्षा बघतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जायला मी तिला मदत करतो. समेटाची प्रार्थना नंतर. नवऱ्याला भेटायला मी एकटा जात नाही, मंडळीतले दोन वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, बरोबर घेतो. चार पुरुषांसमोर त्याला उत्तर द्यावं लागतं तेव्हा त्याचा सूर बदलतो. ताई ज्या पुरुषाला शोधताहेत तो एकटा असून भागत नाही.

---

लांबचा_मराठी

मी ओहायोत राहतो. हे संदेश जिथून येतात ती पार्श्वभूमी थोडी सांगतो, म्हणजे आपण काय आयात करतोय ते कळेल.

पुरुषाला बळकट करायची ही चिंता जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ख्रिस्ती तरुण मऊ पडतोय अशी भीती पसरली आणि खेळ, व्यायाम, शिस्त यांना धर्माशी जोडलं गेलं. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना; ती १८४४ मध्ये लंडनमध्ये निघाली, १८७५ मध्ये मुंबईत आली. बास्केटबॉल १८९१ मध्ये वायएमसीएच्याच अमेरिकेतल्या प्रशिक्षण शाळेत जन्मला. या सगळ्यातून चांगलंही पुष्कळ निघालं.

आजचा सूर मात्र १९८० च्या दशकानंतरचा आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनव्हर्स इथे काही इव्हँजेलिकल, म्हणजे पवित्र शास्त्राला सर्वोच्च मानणाऱ्या प्रॉटेस्टंट, लोकांनी एक निवेदन तयार केलं. पुरुषाचं नेतृत्व आणि स्त्रीचं अधीन असणं ही देवाने सृष्टीतच घातलेली रचना आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच सुमारास समानतेच्या बाजूने बोलणारेही इव्हँजेलिकलच होते, तेच पवित्र शास्त्र मानणारे. म्हणजे वाद श्रद्धावान आणि अश्रद्ध यांच्यातला नाही, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाने प्रॉमिस कीपर्स ही ख्रिस्ती पुरुषांची चळवळ सुरू केली, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये वॉशिंग्टनला लाखो पुरुष जमले. तिथे पुरुष एकमेकांसमोर रडले, कबुल्या दिल्या, वेगवेगळ्या वर्णांचे पुरुष गळ्यात पडले. पहाटतारा, तुम्ही जे चांगलं सांगता त्याची ही मुळं.

दुसरी बाजूही बघा. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या इथल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने १९९८ मध्ये पत्नीच्या अधीनतेचं कलम आपल्या विश्वासपत्रात घातलं आणि २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरतं ठेवलं. मे २०२२ मध्ये तिथल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्या पीडितांना नेतृत्वातल्या काहींनी वर्षानुवर्षं टाळलं, गप्प बसवलं, असं त्यात होतं. अधिकार पुरुषांकडे आणि हिशेब मागणाराही कुणी नाही, अशी घडी बसली की काय होतं ते मी इथल्या मंडळ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ही घडी महाराष्ट्रात आणू नका, कळकळीने सांगतो.

---

गोदाकाठ

मी ख्रिस्ती नाही, नाशिकची आहे. लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर आमच्या जवळचं, म्हणून धाग्यात शिरले. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी अनेकदा वाचलंय आणि धागाकर्त्यांनी टिळकांचं जे चित्र काढलंय त्याला माझी हरकत आहे.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात घेऊन नव्हे. तिला मागाहून कळलं. त्या काळात नवरा बाटला म्हणजे बाईचं काय होणार, मुलाचं काय होणार, माहेरी तिला कोण काय बोलणार, हे सगळं तिच्या वाट्याला आलं. तिची ती वर्षं वाचताना छातीत कळ येते. घरातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे आणि चूल कशी पेटवायची ते तिने बघायचं, हेही टिळकांचंच. रागही भयंकर. कवी मोठा, माणूस मोठा, मान्य. पण निर्णय एकट्याने घेऊन त्याची किंमत बायकोला मोजायला लावणं हा पुरुषी अधिकारच झाला. तुम्ही पुढचा अर्धा भाग सांगता आणि हा गाळता, जसं लग्नात एकविसावं वचन गाळतात.

---

नगरकर_पुण्यात

गोदाकाठ ताई, तुम्ही लिहिलंत ते घडलंच आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःच ते झाकलेलं नाही. नवरा ख्रिस्ती समाजात पूज्य झाल्यावरही त्यांनी त्याचा राग, त्याचा हट्ट, स्वतःचे हाल सगळं लिहून ठेवलं. आमच्या नगरच्या घरांत हे पुस्तक शास्त्राशेजारी असायचं. माझ्या मते आमच्या समाजाला लाभलेली ती मोठी देणगी आहे, कारण संत ठरवलेल्या पुरुषाला बायकोच्या नजरेने बघायला ते शिकवतं.

आणि म्हणूनच मधली वर्षं मला महत्त्वाची वाटतात. १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयातून विवाह मोडून घेता यायचा, दुसरं लग्न करता यायचं. टिळकांनी ती वाट धरली नाही. ती आली तेव्हा तिचं सोवळंही त्यांनी घरात राहू दिलं. ज्या माणसाने १८९५ मध्ये तिला न विचारता एवढा मोठा निर्णय घेतला, तोच माणूस तिच्या निर्णयासाठी थांबला. तो बदल कुठून आला? मला त्यात ख्रिस्ताचं काम दिसतं. तुम्हाला वेगळं दिसू शकतं. पुढे १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

---

केडगावची_पाऊलवाट

टिळकांवर बोलताय, मग पंडिता रमाबाईंच्या घरातल्या पुरुषाबद्दलही बोला.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना केवढा विरोध झाला. पुढे आईने मुलीला शिकवलं. नंतर रमाबाई इंग्लंडला गेल्या, १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि चेल्टनहॅमला तरुण मुलांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा आक्षेप कुणी घेतला? मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी! बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन कमी होईल म्हणे. रमाबाईंनी ऐकून घेतलं नाही. माझ्या वडिलांनी आणि पतीने कधी अशी हरकत घेतली नव्हती, अशा आशयाचं त्यांनी ठणकावून कळवलं. शास्त्री वडील आणि बंगाली पती मोकळे, ख्रिस्ती बिशप अडून बसलेले. तेव्हा बायकांना मागे ठेवणं हे कुणा एका धर्माचं नाही, आणि मोकळं सोडणारा पुरुषही कुठल्याही घरात जन्मू शकतो.

केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायका छापखाना चालवायच्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर तिथे छापलं गेलं. शिष्य म्हणून नेमलेली मोठी माणसं बाजूला ठेवा, पण पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा कुणाला सांगायला पाठवलं? मग्दालिया मरियेला.

---

सुताराचा_रंधा

मी अविवाहित आहे, चाळिशी उलटली. इथे सगळं पती-पत्नीवर चाललंय म्हणून लिहितो.

आमच्या मंडळीत पुरुष म्हणजे नवरा आणि बाप. लग्न झालं नाही तर तुम्ही कायमचे तरुण संघात. उपासनेनंतर चहाला उभा राहिलो की एकच प्रश्न, मग केव्हा? ज्यांना मूल नाही त्या भावांनाही असंच टोचतात. आणि आपण ज्याच्या नावाने जमतो तो येशू स्वतः अविवाहित होता. पौलही एकटा होता. मत्तय १९ मध्ये येशू नपुंसकांबद्दल आदराने बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात फिलिप ज्याच्या रथात चढतो, ज्याला बाप्तिस्मा देतो, तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी षंढ होता. यशया ५६ मध्ये देव अशांना मुलगे आणि मुली यांच्याहूनही उत्तम नाव द्यायचं म्हणतो. नेतृत्व, संरक्षण, कमाई यावर पुरुषपणा मोजणारे संदेश हे अध्याय उघडत नाहीत.

योसेफाकडे बघा. सगळ्या शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. मरिया गर्भवती आहे कळल्यावर कायद्याने आणि समाजाने त्याच्या हातात काय काय दिलं होतं! तिची बदनामी होऊ नये एवढंच त्याने आधी बघितलं. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर योसेफाचं वर्ष जाहीर केलं होतं. आम्ही प्रॉटेस्टंट लोक योसेफाला नाताळच्या देखाव्यापुरतं ठेवतो, ते मला नेहमी खटकतं.

---

पहाटतारा

सगळं वाचलं. पाळकसाहेब, तुमचा प्रश्न बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तू पिणं सोडल्यापासून मला तुझी भीती वाटत नाही, पण घरातलं काही ठरवायचं झालं की तू आधी शास्त्र काढतोस, त्याची वाटते. यावर मला अजून विचार करायचाय. मस्तक या शिकवणीवरचा माझा विश्वास गेलेला नाही. पण तिला माझ्या हातातल्या शास्त्राची भीती वाटावी हे मला चालणार नाही.

एक विनंती आहे. पुरुषांना मंडळीत काहीतरी काम द्या. फक्त टीका ऐकायला कुणी येणार नाही.

---

नगरकर_पुण्यात

काम आहे. पुढच्या महिन्याची सभा पुरुष संघ आणि भगिनी मंडळ मिळून घेऊ या, असं मी सुचवलंय. विषय भगिनी मंडळाने ठरवायचा. चहा-नाश्ता, लहान मुलं सांभाळणं पुरुषांकडे. पाळकसाहेब, वाचनाला कोणता भाग घ्यावा?

---

साधा_पाळक

इफिस ५:२१ पासून ६:९ पर्यंत सलग वाचा, मध्ये थांबू नका. पती-पत्नीनंतर मुलं आणि बाप येतात, मग दास आणि धनी. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं ही वचनं आली की लोक अस्वस्थ होतील. होऊ द्या. कारण अमेरिकेत गुलामांच्या मालकांनी हीच वचनं शतकभर वाचून दाखवली आणि आज कुठलाही पाळक गुलामगिरीच्या बाजूने ती वाचत नाही. धन्याला तिथेच सांगितलंय की धमकावणं सोड, तुझाही धनी स्वर्गात आहे आणि तो तोंड पाहून न्याय करत नाही. त्या एका वाक्यात गुलामगिरीचा पाया ढिला झाला, वेळ मात्र फार लागला. मग त्याच पानावरची पत्नीची वचनं आपण कशी वाचायची, हा प्रश्न सभेला विचारा, आणि पहिलं उत्तर बायकांकडून घ्या.

पहाटतारा, तुम्ही वाचन कराल का? आणि शक्य असेल तर तुमच्या पत्नीने एकविसाव्या वचनापासून चोविसाव्यापर्यंतचं नको, पंचविसाव्यापासून पुढचं, पतींना सांगितलेलं वाचावं. तुम्ही त्यांचं वाचा, त्या तुमचं.

---

पहाटतारा

करतो. तिला विचारून सांगतो.